पाच मजल्यांचा खेळ



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहासावर जी व्याख्याने होतात, त्यांत राज्ये येतात, लढाया येतात, संत येतात, समाजसुधारक येतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ज्या प्रथेचा पाया घातला, तिचा तो रिवाजच आहे. आज आम्ही जो विषय मांडणार आहो, तो या पंक्तीत थोडा पोरकट दिसेल. टीव्हीला एक प्लास्टिकची पेटी जोडावी, तिच्यात एक कॅसेट खोचावी आणि पडद्यावरच्या बाहुल्याकडून ठोसे-लाथा मारवून घ्याव्यात, अशा एका खेळाचा हा इतिहास आहे. त्याचे नाव ‘कुंग फू’. आज जे चाळिशीच्या आगेमागे आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांनी तो खेळला. त्यापायी त्यांनी घरच्यांची बोलणीही खाल्ली. पण हा खेळ आला कोठून, हे खेळणाऱ्यांनी कधी विचारले नाही आणि रागावणाऱ्यांनीही विचारले नाही.

दुसरीकडे कोठे हा विषय हसण्यावारी नेला तर आम्ही समजू शकतो. पंढरपुरात मात्र खेळाला क्षुल्लक म्हणून बाजूला सारता यायचे नाही. आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने होते, आणि काला म्हणजे गोपाळांच्या खेळाचीच आठवण आहे. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, लगोऱ्या, चेंडूफळी, हुतूतू, हमामा, हुंबरी, फुगडी अशा खेळांवर अभंग आहेत. एकनाथांनीही खेळांची रूपके भारुडांतून योजली. संतांचा हेतू अर्थातच परमार्थाचा होता. परंतु त्या ओघात त्यांच्या हातून एक ऐहिक कामही होऊन गेले. सोळाव्या-सतराव्या शतकांत महाराष्ट्रातली मुले काय खेळत होती, याची एक यादीच त्यांनी आपल्यासाठी ठेवली. हमामा किंवा हुंबरी आज कोणते मूल खेळते? ही नावे आपल्याला ठाऊक आहेत ती संतांच्या वाणीत ती येऊन बसली म्हणून. बखरकारांनी राजांचे मुक्काम लिहिले, तहाची कलमे लिहिली; पोरांचे खेळ लिहिण्याचे त्यांना कारण नव्हते.

आमचा आजचा प्रश्न याच जातीचा आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आपल्याच घरांत एक खेळ आला, दहा-पंधरा वर्षे राहिला आणि गेला. तो कोणाकोणाच्या हातांतून आपल्यापर्यंत पोचला, वाटेत त्याचे काय गळाले आणि काय उरले, एवढे आपण पाहू.

प्रथम खेळ कसा होता ते सांगितले पाहिजे, कारण सभेत असेही पुष्कळ आहेत की ज्यांनी तो पाहिलेला नाही. पाच मजल्यांची एक इमारत आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर सिल्व्हिया नावाची मुलगी कोंडलेली आहे, आणि थॉमस नावाचा तरुण तिला सोडवायला एकटा निघाला आहे. त्याच्या हातात शस्त्र नाही. त्याला येते काय, तर ठोसा, लाथ, उडी मारणे आणि खाली बसणे. पहिल्या मजल्यावर तो उजवीकडून डावीकडे चालतो. जिना चढला की दुसऱ्यावर डावीकडून उजवीकडे. तिसऱ्यावर पुन्हा उलट. वाटेत दोन्ही बाजूंनी गडी अंगावर येतात. काही जण मारीत नाहीत, नुसती मिठी घालतात, आणि मिठी बसली की शक्तीची पट्टी भराभर उतरू लागते. सुटायचे तर डावे-उजवे बटण झपाट्याने हलवून अंग झटकावे लागते. दुसरे काही सुरे फेकतात. सुरा डोक्याच्या उंचीने आला तर बसावे, पायाच्या उंचीने आला तर उडी मारावी. सुरेवाला एका फटक्यात पडत नाही, त्याला दोन लागतात. दुसऱ्या मजल्यावर वरून मडकी पडतात आणि त्यांतून साप निघतात. प्रत्येक मजल्याच्या टोकाला, जिन्याच्या तोंडाशी, एक राखणदार उभा असतो: पहिल्यावर काठीवाला, दुसऱ्यावर बूमरँग फेकणारा, तिसऱ्यावर धिप्पाड पैलवान, चौथ्यावर जादूगार आणि पाचव्यावर सगळ्यांचा म्होरक्या. वेळेचा आकडा सारखा उतरत असतो. इतके सगळे पार पडले की मुलगी सुटते, दोघांची भेट होते, आणि खेळ पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरू होतो. दुसऱ्या फेरीत गडी अधिक कावेबाज होतात. या खेळाला शेवट असा नाही.

यातली एक बारकी गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे. लाथेची पोच लांब, ठोशाची आखूड. म्हणून नवशिका लाथेवरच राहतो. पण खेळाने गुण ठेवले आहेत ते ठोशाला अधिक. शत्रूला जवळ येऊ देण्याचे धैर्य ज्याला आहे, त्याला जास्त फळ, असा तो हिशेब आहे.

आता याचे मूळ पाहू. पाच मजले आणि प्रत्येक मजल्यावर एक योद्धा, ही कल्पना ब्रूस ली याची. हाँगकाँगच्या या नटाने १९७२ साली ‘गेम ऑफ डेथ’ नावाच्या चित्रपटाचे काम हाती घेतले. कोरियातील बोपजूसा या बौद्ध मठात पाच मजल्यांचा एक लाकडी पॅगोडा आहे. तो त्याच्या डोळ्यांपुढे होता. एकेका मजल्यावर एकेका युद्धपद्धतीचा जाणकार भेटावा, नायकाने ती पद्धती ओळखून तिच्यावर मात करावी आणि वर चढावे, अशी योजना होती. त्यातल्या एका मजल्यावरचा राखणदार म्हणून करीम अब्दुल-जब्बार हा सात फुटांहून उंच असलेला अमेरिकन बास्केटबॉलपटू उभा केला होता. यामागे ब्रूस लीचे एक तत्त्व होते. कोणत्याही एका पद्धतीला चिकटून बसणारा मनुष्य तिच्यातच अडकतो. प्रसंग ओळखून जो बदलतो तो तरतो. हे तत्त्व त्याला त्या जिन्यांवरून दाखवायचे होते. २० जुलै १९७३ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तो वारला. चित्रपट अपुरा राहिला, आणि १९७८ साली दुसऱ्यांनी तो जुळवून पडद्यावर आणला.

पुढचा हात जपानचा. इरेम नावाच्या कंपनीत ताकाशी निशियामा हे खेळांची आखणी करीत. नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांसाठी त्यांनी १९८४ साली हा पाच मजल्यांचा खेळ बसवला. त्याच वर्षी जॅकी चॅनचा एक चित्रपट आला होता. त्याची कथा स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात घडते; त्यात नायकाचे नाव थॉमस आणि नायिकेचे सिल्व्हिया. जपानात तो ‘स्पार्टन एक्स’ या नावाने लागला. व्यवहाराच्या सोयीने खेळाला त्या चित्रपटाचे नाव दिले गेले, आणि थॉमस व सिल्व्हिया ही नावेही तिकडूनच आली. म्हणजे इमारत ब्रूस लीची आणि भाडेकरू जॅकी चॅनचे, असा तो संसार झाला. अमेरिकेत गेल्यावर चित्रपटाशी असलेले हे नातेही सुटले आणि खेळ ‘कुंग फू मास्टर’ झाला. निशियामा पुढे दुसऱ्या कंपन्यांत गेले. १९८७ चा ‘स्ट्रीट फायटर’ आणि १९९१ चा ‘फेटल फ्युरी’ हे दोन प्रसिद्ध खेळ त्यांच्याच हातचे. लढाईच्या खेळांचा जो प्रचंड धंदा नंतर जगभर वाढला, त्याची एक मुळी या पाच मजल्यांत आहे.

मोठ्या यंत्रातून हा खेळ घरात आला तो १९८५ साली. निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी १८८९ पासून पत्ते छापीत आली होती. तिने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे घरगुती यंत्र १४,८०० येनांना बाजारात आणले. त्या यंत्राची कुवत आजच्या मानाने ऐकण्यासारखी आहे. कामापुरती स्मृती २ किलोबाइट. साधारण या व्याख्यानाचे एक पान तेवढ्यात मावणार नाही. ‘कुंग फू’चा सगळा खेळ, म्हणजे चित्रे, आवाज, हालचाली आणि नियम धरून, ४० किलोबाइटांत बसवलेला होता. आपल्या खिशातल्या फोनवर सकाळी येणारा एखादा सुप्रभाताचा फोटो याहून मोठा असतो. शिवाय पडद्याच्या एका आडव्या रेषेवर हलत्या चित्रांचे आठच लहान तुकडे एका वेळी दिसू शकत. त्याहून अधिक झाले की आकृत्या लुकलुकू लागत. म्हणून एका वेळी अंगावर येणारे गडी मोजके ठेवावे लागत. खेळ साधा होता तो रचणाराची बुद्धी साधी होती म्हणून नव्हे. भांडे लहान होते, आणि त्या भांड्यात मावेल तेवढेच, पण नेमके, त्याने घातले.

आता हे सगळे आपल्याकडे कसे आले? त्यासाठी आधी घरात टीव्ही हवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ साली रंग आले, आणि १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहून तालुक्याच्या गावांपर्यंत चित्र पोचू लागले. १९८७ साली ‘रामायण’ आणि १९८८ साली ‘महाभारत’ या मालिका लागल्या, आणि ज्या घरांत टीव्ही नव्हता त्यांतही तो आला. व्हिडिओ गेमची पेटी आली तेव्हा तिच्यासाठी पाट मांडलेलाच होता.

फॅमिकॉम यंत्र भारतात १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘सामुराई’ या नावाने विकले गेले. परंतु आयातीवरचे कर जबर, किंमत मध्यम घराच्या आवाक्याबाहेरची, म्हणून त्याचा प्रसार बेताचाच राहिला. गावोगाव पोचल्या त्या त्याच्या नकला. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी मूळ यंत्रातल्या मुख्य चिपा एकाच चिपेत बसवल्या आणि वर काळ्या राळेचा एक थेंब टाकून ती बंद केली. कोणाची पेटी उघडली असेल तर हा थेंब त्याने पाहिला असेल. ही यंत्रे स्वस्त पडत. १९९१ नंतर बाजार खुला होत गेला तशी ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि तेथून जिल्ह्याच्या व तालुक्याच्या दुकानांत दिसू लागली. ‘लिटल मास्टर’ हे त्यांतले एक नाव. पुष्कळ पेट्यांना तर धड नावही नव्हते.

कॅसेटीची गोष्ट याहून मौजेची आहे. एका कॅसेटीवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ थोडेच, कधी दहा-वीस, तर कधी त्याहूनही कमी; तेच खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून यादी लांबवलेली असे. या यादीत ‘कुंग फू’ वारंवार सापडतो, आणि याचे कारण कोणाची आवडनिवड हे नाही. तो ४० किलोबाइटांचा होता आणि त्याला कॅसेटीत जादा चिप लागत नसे. ज्या खेळांना अधिक जागा किंवा वेगळी चिप लागे, ते अशा स्वस्त कॅसेटीत घालणे नकलाकाराला परवडत नव्हते. म्हणजे लहान भांड्यात बसवण्यासाठी केलेला तो जपानी संयम दहा वर्षांनी आपल्या तालुक्याच्या गावी त्या खेळाच्या कामी आला. मोठे खेळ मागे राहिले आणि हा साधा खेळ चंद्रभागेपर्यंत चालत आला.

पण येताना त्याने एक किंमत मोजली. नकलाकार बहुधा पहिल्या पडद्यावरचे कंपनीचे नाव आणि साल पुसून टाकीत, कारण चोरीच्या मालावर मालकाचे नाव कोण ठेवतो? सोबत माहितीपुस्तिका नसे. यादीत इंग्रजी अक्षरांत ‘कुंग फू’ एवढेच दिसे. ब्रूस लीचे तत्त्व इरेमच्या यंत्रात शिरतानाच गळाले होते, जॅकी चॅनचे नाते अमेरिकेच्या वाटेवर सुटले होते, आणि रचणाराचे नाव, कंपनी, साल, इतकेच काय, कोंडलेल्या मुलीचे नाव, हे नकलेत गेले. आपल्या मुलांच्या हाती जो खेळ आला तो निनावी आणि निराधार होता. जुन्या भाषेत बोलायचे तर त्याची नाममुद्रा खोडली गेली होती. अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा असते म्हणून तो तुकोबांचा की नामदेवांचा हे कळते. ती पुसली तर पद उरते, पण कर्ता हरवतो.

मग मुलांनी काय केले? त्यांनी तो खेळ आपला करून घेतला. कथा ठाऊक नव्हती, ती त्यांनी रचली. मुलगी कोणी बहीण ठरवली, कोणी हिरॉइन. राखणदारांना नावे पडली: काठीवाला, जाड्या, जादूगार. मिठी मारणाऱ्यांना ‘चिकटणारे’ म्हणत. यंत्राच्या भागांनाही आपले शब्द आले. काट्रिज कोणी म्हटले नाही, ती कॅसेट झाली, कारण गाण्याची कॅसेट घरात आधीच होती. शक्ती म्हणजे ‘पॉवर’, जीव म्हणजे ‘लाइफ’, मजला म्हणजे ‘स्टेज’ आणि राखणदार ‘बॉस’. ‘तुझी एक लाइफ गेली, आता दे माझ्याकडे’ हा न्याय बहुतेक घरांत सारखाच चाले. ज्यांच्या घरी पेटी नव्हती ते तासाच्या भाड्याने दुकानात खेळत, किंवा चार घरची पोरे वर्गणी काढून दिवसासाठी भाड्याने घरी आणीत. मे महिन्याच्या सुट्टीत एकेका टीव्हीपुढे आठ-दहा पोरे बसत. खेळणारा एक आणि सांगणारे नऊ, ही आपली जुनीच रीत तेथेही होती.

कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्या पट्टीवर फुंकर मारायची, हे प्रत्येकाला येत असे. हे शिकवले कोणी? कोणीही नाही. जपानात, अमेरिकेत, ब्राझीलमध्ये आणि पंढरपुरात मुले एकमेकांना न भेटता तेच करीत होती. खरे पाहता फुंकरीने काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पट्टीचा स्पर्श नीट लागे, म्हणून ती चाले. उलट तोंडातल्या ओलाव्याने पट्टी गंजण्याचीच भीती. पण श्रेय फुंकरीला मिळाले. तोंडी परंपरेत ज्ञान कसे चालते आणि त्याला भ्रम कसा चिकटतो, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला आठवत नाही.

येथे वडीलधारी मंडळी म्हणतील की, हे सगळे ठीक, पण या खेळाने पोरांची तालीम सुटली त्याचे काय? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. तालमीत जाणाऱ्या पोराला डाव शिकण्याआधी कित्येक दिवस जोर-बैठका काढाव्या लागतात, हौद्यातली माती उकरावी लागते, तिच्यात ताक, तेल, हळद घालून ती मऊ करावी लागते. वस्ताद नजर ठेवून असतो. धोबीपछाड की ढाक, पट काढायचा की भारंदाज मारायचा, हे पुढच्या गड्याच्या पायाची हालचाल पाहून ठरते, आणि चुकले तर पाठ मातीला लागते. पडद्यावरच्या थॉमसची पाठ लागली तर खेळणाराच्या अंगाला धूळही लागत नाही. घाम नाही, दम नाही, खुराक नाही, आणि मुख्य म्हणजे समोर माणूस नाही. कुस्तीच्या आधी दोन गडी हात मिळवतात, कराटेवाले एकमेकांना वाकून नमस्कार करतात. या खेळात तो नमस्कार कोणाला करणार? युद्धकलेतला विनय हा वाटेत गळालेल्या वस्तूंपैकी सर्वांत मोलाचा आहे, असे आमचे मत आहे.

पण दोषाचे माप घालताना हातही सरळ असावा. तालमी ओस पडल्या त्या या पेटीमुळे, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. संस्थाने गेली, त्यांचा आश्रय गेला, खुराकाचा खर्च वाढला, शाळा-शिकवण्यांनी पहाट आणि संध्याकाळ खाल्ली. हे सारे पेटी येण्याच्या आधीपासून चालले होते. शिवाय या खेळाने युद्धकलेतली एक गोष्ट गळू दिली नाही, ती म्हणजे अंतर आणि वेळ यांचे भान. गडी किती हातांवर आहे, तो आणखी किती क्षणांनी टप्प्यात येईल, आत्ता मारावे की अर्धा श्वास थांबावे, हे ज्याला कळले तोच वरच्या मजल्यावर जाई. घाईने बटणे बडवणारा पहिल्याच जिन्यावर राही. ठोशाला लाथेपेक्षा जास्त गुण ठेवले होते याचे मर्म येथे आहे. टप्प्यात येऊ देऊन मग मारणे हे कोणताही वस्ताद सांगतो, आणि ४० किलोबाइटांत बसलेला हा खेळही तेच सांगत होता. दहा वर्षांच्या पोराला तो हे व्याख्यान न देता समजावी.

दुसरेही एक सांगितले पाहिजे. हा खेळ कठोर होता, पण लबाड नव्हता. प्रत्येक राखणदाराची एक खोड ठरलेली असे. ती पाहून ओळखता येई आणि ओळखली की तो पडे. पैसे भरून शक्ती विकत घेण्याची सोय त्यात नव्हती. आजच्या फोनवरच्या अनेक खेळांत मुलाने हरावे, चिडावे आणि वडिलांच्या खात्यातून पैसे भरावेत, अशीच बांधणी असते. त्यांच्या शेजारी ठेवला तर हा जुना खेळ गरीब पण सरळ गृहस्थासारखा वाटतो. आपल्या मुलाच्या हाती कोणता खेळ द्यावा हे ठरवताना आईबापांनी एवढाच प्रश्न विचारावा: यात हरलेल्याला पुन्हा प्रयत्न करावा लागतो, की पैसे भरावे लागतात?

असो. मूळ मुद्द्याकडे येऊ. फॅमिकॉम आणि त्याचा अमेरिकन अवतार मिळून सहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली, असा मूळ कंपनीचा हिशेब आहे. त्या हिशेबात आपले कोणीच नाही. आपल्या गावातल्या पेट्या नकली, त्यांच्या पावत्या नाहीत, त्यांची जाहिरात नाही, त्यांची नोंद कोठल्याही वहीत नाही. खेळ स्वतः मात्र हरवणार नाही. जगभरच्या हौशी लोकांनी तो जपून ठेवला आहे आणि तो आज संगणकावर चालवता येतो. ब्रूस लीचा पॅगोडा आणि निशियामांची नोकरी यांची हकीकत इंग्रजीत आणि जपानीत लिहिली गेली आहे. हरवणार आहे ते एवढेच की हा खेळ आपण कसा खेळलो. कोणत्या दुकानात तासाला काय दर होता, राखणदारांना आपल्या आळीत कोणती नावे होती, मुलींना खेळायला मिळत असे की त्या नुसत्या पाहत बसत, भारनियमनात डाव अर्ध्यावर गेला की काय होई, पाचवा मजला गल्लीत प्रथम कोणी गाठला, हे क्योटोला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते येथे बसलेल्यांच्या आठवणीत आहे, आणि आठवणीला पट्टीसारखाच गंज चढतो.

आपल्याकडे याला दोन चांगले आदर्श आहेत. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. कुस्तीचे डाव, मल्लखांब, दांडपट्टा, फरीगदगा आणि देशी खेळ त्यांनी चित्रांसह नोंदवले. वस्तादांच्या तोंडी होते ते कागदावर आले, म्हणून आज कोणाला ते शिकायचे झाले तर आधार आहे. दुसरे उदाहरण हेमा राईरकर आणि गी पॉटवँ यांचे. खेड्यापाड्यांत हिंडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. त्या ओव्यांत पंढरीची वाट जागोजाग आहे. ज्या बायांनी त्या गायल्या, त्यांना आपण इतिहास सांगतो आहो असे वाटले नव्हते. गिरण्या आल्या, जाती थांबली, आणि आणखी काही वर्षे उशीर झाला असता तर त्या ओव्या गायच्या राहिल्या असत्या.

व्हिडिओ गेमची तुलना ओवीशी करणे कोणाला रुचणार नाही, आणि दोहोंचे मोल सारखे आहे असे आमचेही म्हणणे नाही. सारखी आहे ती त्यांची अवस्था. दोन्ही घरात घडले, दोन्ही लिहिण्याजोगे आहे असे घरातल्यांना वाटले नाही, आणि दोन्हीच्या बाबतीत वस्तू आधी गेली, मागे माणसे उरली. जाते कोपऱ्यात गेले, तसा तो फुगीर काचेचा टीव्हीही भंगारात गेला.

तेव्हा आमची विनंती साधी आहे. माळ्यावर, ट्रंकेत कोठे अशी पेटी किंवा पिवळी कॅसेट पडलेली असेल तर ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढावे, वर छापलेली अक्षरे उतरून घ्यावीत. ज्यांनी दुकान चालवले त्यांनी दर आणि वर्षे लिहावीत. जे खेळले त्यांनी आपल्या आळीतली नावे, नियम आणि भांडणे लिहावीत. दोन पाने पुरेत. गावातल्या वाचनालयाने या पानांसाठी एक फाईल करावी आणि तिच्यावर ‘खेळ’ एवढा शब्द लिहून ती स्थानिक इतिहासाच्या कपाटात ठेवावी. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत शाळेतल्या मुलांनी आपल्या आईबापांना विचारून हे काम केले, तर ते बहुधा एका महिन्यातच होईल. विचारताना मुलांनी पहिला प्रश्न हा करावा की, पाचव्या मजल्यापर्यंत तुम्ही पोचला होता का? उत्तर काय येते ते पाहून पुढचे प्रश्न त्यांना आपोआप सुचतील.